मस्तगडातला संगणक

दत्ता गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं, तेही त्याच्या संगणकामुळे. पुण्यात नव्या लॅपटॉपवर आमचा प्रोग्राम बांधायला, म्हणजे सगळे भाग जुळवून चालता करायला घेतला, तर त्याला लागणारा तयार कोडचा एक संच, एक लायब्ररी मिळेना. ती जालन्याहून, मस्तगडातल्या त्याच्या घरच्या संगणकावरून यायची. भारनियमन असेल असं समजून मी चेष्टेची मेल टाकली, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घाल म्हणून. संध्याकाळी फोन केला, तेव्हा वहिनींनी सांगितलं... झटका आला, दवाखान्यापर्यंतही पोचला नाही. बसायला येणाऱ्यांसाठी जागा करताना कुणीतरी संगणकाची वायर काढली होती. दीड महिना झाला त्याला.

जुन्या फाँटमधला मराठी मजकूर कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये आणणारा एक प्रोग्राम आम्ही दोघं जावा या संगणकीय भाषेत लिहीत होतो, कुणीही फुकट घ्यावा असा. त्याला इतरांनी लिहिलेल्या बऱ्याच लायब्ऱ्या लागत. दत्ता त्या सगळ्या कोडसोबतच ठेवायचा. जाफराबादच्या एका गुरुजींना, ज्यांच्या बोलीतल्या शब्दांच्या याद्या जुन्या फाँटमध्ये अडकल्या होत्या, तो अख्खी सीडी एसटीच्या कंडक्टरच्या हाती पाठवायचा. लोणच्याच्या बरणीसकट प्रवास करतोस, म्हणून मी हसायचो. आता नुसतं नाव आणि आवृत्ती लिहायची, बाकीचं नेटवरच्या भांडारातून आपोआप उतरतं, असं ऐकवून मी त्याला सगळं काढायला लावलं.

पुढे त्यातल्या एका लायब्ररीत जोडाक्षरं फुटायला लागली. मूळ लेखक दाद देईना, तेव्हा दत्तानं वर्षभर खपून ती स्वतः दुरुस्त केली. ही एक तरी कोडसोबत राहू दे, म्हणाला. मी शिस्तीचा माणूस! नियम म्हणजे नियम, तुझ्या घरच्या संगणकावरच तिचं भांडार मांड, प्रोग्राम तिथून उतरवून घेईल, म्हटलं.

"मांडतो. पण मी न्हाई राह्यलो मंग काय करशील?"

"तुला काय धाड भरलीय," मी म्हणालो.

गेल्या आठवड्यात मस्तगडला गेलो. संगणक जागेवरच होता, कापडानं झाकलेला.

"भावजी, लई हळू चालून राह्यल्ता," वहिनी म्हणाल्या. "पोरीच्या अभ्यासाला लागतो म्हणून दुकानातून बिलकुल साफ करून आणला. बराबर केलं नं?"

बराबर केलं, म्हणालो. त्यासोबत पुसल्या गेलेल्या लायब्ररीची एक प्रत माझ्या जुन्या लॅपटॉपवरही होती. तो मीच पुसून नव्याच्या बदल्यात दुकानात दिला, दत्ता गेला त्याच आठवड्यात. संगणकात काय आहे, ते वहिनींना ठाऊक नव्हतं. माझ्या लॅपटॉपवर काय आहे ते मला ठाऊक होतं, तरी पुसताना लक्षात आलं नाही.

याद्या कधी होतील म्हणून गुरुजींचा फोन येतो. बघतो, म्हणतो. त्याचं वर्षभराचं काम माझ्या हट्टानं गेलं, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

सकाळी चहा ठेवला की मी प्रोग्राम एकदा बांधायला लावतो. मस्तगडच्या संगणकाचा पत्ता मी अजून खोडलेला नाही. लॅपटॉप थोडा वेळ दत्ताच्या घरी शोधत राहतो... मग सापडलं नाही, असं सांगतो. तोवर चहा उकळून वर आलेला असतो.