फुआतिनोची चटई

फुआतिनोच्या हातची चटई म्हणजे रेशीम, असं गावातल्या बायका म्हणायच्या. आणि सामोआत एका बाईने दुसरीच्या विणकामाला बरं म्हणणं काही सोपं नसतं. लेक लेइतूच्या लग्नात द्यायची चटई अर्धी विणून झाली आणि फुआतिनोला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला.

राजधानी आपिआहून थेरपिस्ट तावीता आला. त्याने तिच्या धडधाकट डाव्या हातात जाड हातमोजा चढवला आणि मनगटाशी बांधून टाकला.

"मावशी, हा हात आगाऊ आहे. सगळं हाच करून टाकतो. याला बसवा, म्हणजे तो दुसरा उठेल. जेवणसुद्धा उजव्यानेच. सांडलं तरी कुणी मदत करायची नाही."

"आणि माझी चटई?"

"बोटं उघडायला लागली की केवड्याची पाती घ्या विणायला."

फुआतिनो हट्टाला पेटली. घामाघूम होऊन उकडलेल्या तारो कंदाचा तुकडा धरायची, तो निसटायचा, ती पुन्हा हात सरकवायची. एका सकाळी बोटं उघडली, थोडीशीच, आणि केवड्याची एक पाती त्यांत अडकून राहिली. ती एकटीच हसली.

पण घराला भिंती कुठे होत्या? नुसते खांब आणि वर छप्पर. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतला घास न् घास दिसायचा. शेजारची सिनापी खांबाशी थबकली.

"काय गं लेइतू, आईचा हात बांधून तिला उपाशी मारताय? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा."

"आपिआच्या त्या माणसाने सांगितलंय, काकू."

"त्याला आई नाही वाटतं."

लेइतूचे डोळे भरले. तिने हातमोजा सोडला आणि आईला भरवायला बसली.

"राहू दे गं, मी खाते."

"नको आई. लोक माझ्या तोंडात शेण घालतायत."

लेकीला मान खाली घालायला लावून कोणती आई जेवेल? फुआतिनोने तोंड उघडलं. त्या दिवसापासून हातमोजा खांबाला लटकला. घास भरवायला कुणीतरी, पाणी पाजायला कुणीतरी, माशा वारायलाही कुणीतरी. तिच्या हाताला काम म्हणून उरलं नाही. तावीता पुन्हा आला तेव्हा बोटं पार मिटलेली होती. तो रागावला, समजावून थकला आणि पुढच्या गावी गेला. मायेशी भांडायचं कसं, हे त्याला तरी कुणी शिकवलं होतं!

मग एका रविवारी चर्चमधून परतताना बायका गुंडाळी घेऊन आल्या. सिनापीनेच ती फुआतिनोच्या मांडीवर उलगडली. चटई पुरी झाली होती.

"लेइतूकडून नेली आणि सगळ्या मिळून विणायला बसलो," सिनापी म्हणाली. "तुझ्या जिवाला घोर नको."

फुआतिनोने डावा हात फिरवला. आपलं विणकाम कुठे संपलं, ते बोटांना लगेच कळलं. तिला रडू फुटलं. बायकांना वाटलं, आनंदानेच.

त्या गेल्यावर ती हळूच म्हणाली, "लेइतू, तो मोजा बांध गं."

"आता कशाला, आई? चटई तर झाली."

लेइतूने तारोचा तुकडा नारळाच्या दुधात बुडवून पुढे केला. फुआतिनोने तोंड उघडलं.