वरातीत न वाजलेले गाणे

गंगाखेडच्या बसस्टँडसमोरच्या हॉटेलात तो रोज चहाला भेटतो. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. त्याची आवडती गायिका एक, माझी दुसरी. यावरून आमची कायम भांडणे. बोलताना त्याची बोटे टेबलावर नाचत असतात. माझ्या बाईचे नाव काढले, की कप खाली ठेवून म्हणतो, "शेठ, तुमची बाई गात न्हाई, वरडती."

थोरल्या मुलीच्या लग्नात मी मुद्दाम त्याचाच बँड ठरवला. भाव पाडून घेतला, पण अट एकच घातली: वरातीत माझ्या बाईचे माझे सगळ्यात लाडके गाणे वाजलेच पाहिजे. नवरदेव मांडवात शिरेपर्यंत ते गाणे सोडून बाकी सगळी वाजली. मी त्याची कॉलर धरली.

"मुद्दाम टाळलंस ना?"

"शेठ, तिचा तो वरचा सूर मला येत न्हाई. चारचौघांत तिचं गाणं नासवू का?"

मी कॉलर सोडली, राग सोडला नाही. धाकटीच्या लग्नालाही त्यालाच सांगितले आहे. हल्ली टेबलावर त्याची बोटे तेच गाणे गिरवतात. तो सोबत गुणगुणतो आणि त्याच सुरावर अडतो. अडला, की मी चहा बाजूला सारतो.

"परत घे."