माळावरच्या दगडाचा केशरी पापुद्रा

नव्वदीच्या दशकात मी बारामतीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते. सरांनी फर्मावलं, प्रत्येकानं दगडावरचं एक शैवाक आणायचं आणि त्याचं वर्गीकरण लिहायचं. शैवाक म्हणजे बुरशी आणि शेवाळ, दोघांचा एकत्र संसार. त्यातला एक प्रकार दगडाला खरजेसारखा असा धरतो, की दगडाची कपची काढल्याशिवाय हाती लागत नाही. आमच्या गावी, कन्हेरीला, माळावरच्या एका दगडावर केशरी पापुद्रा होता. मी मोठी शहाणी! छिन्नी लावली आणि तळहाताएवढी कपची उडवली.

घरी आईनं ती पाहिली आणि तिच्या हातातलं सूप खाली पडलं.

"आगं भवाने, त्यो बिरोबा हाय! तुज्या पणज्यानं शेंदूर लावून मांडलेला, मग हितं मेंढरं बसवली!"

मी हसले. पण संध्याकाळी आबा, माझे वडील, तापानं फणफणले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. आईनं त्यांच्या कपाळावर ओली घडी ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. कसलं शास्त्र आणि कसलं काय! बापाच्या जिवावर मीच घाव घातला, एवढंच डोक्यात घुमत होतं.

सकाळी कपची ओढणीत गुंडाळून कॉलेज गाठलं. सर म्हणाले, "पोटॅशच्या द्रावाचा थेंब टाक. या केशरी शैवाकाचा रंग असेल तर लाल होईल. शेंदूर असेल तर काही होणार नाही."

पहिला थेंब टेबलावरच पडला. मी मनात बिरोबालाच हात जोडले, 'देवा, हा तू नसावास रे बाबा!' दुसरा थेंब पडला आणि पापुद्रा लालभडक झाला. बाई गं, क्षणभर वाटलं, देवाला रक्त आलं. सर मात्र खूश. "शैवाकच, कॅलोप्लाका! बुरशीच्या घराण्यात लिही." मी तिथंच रडले.

धावतपळत घरी आले. "आई, शेंदूर न्हाय त्यो! जिवंत हाय, वरसाला केसभर वाढतंय!"

आबांच्या कपाळावरची घडी आई बदलत होती. म्हणाली, "शेंदूर असता तर परत लावला असता गं. जिवंत व्हतं म्हंतीस, त्ये आता कसं लावायचं?"

आबांचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. दगडावरची ती खाच अजून कोरीच आहे.