मेव्हण्याच्या तळ्यात धुतलेलं जाळं

पिशवीत कोंडलेल्या ओल्या नायलॉनचा वास आला की मला वळसंगजवळचं मेव्हण्याचं शेततळं आठवतं. आदल्या दिवशी धरणावर वापरलेलं जाळं मी तिथं नेलं होतं. मासे धरण्याआधी त्याचा चिखल निघावा, म्हणून काठावरच, तळ्याच्याच पाण्यात, मी ते स्वच्छ खळबळून घेतलं. मेव्हणा बांधावरून धावत आला. "दाजी, धरणातलं हाय व्हय हे जाळं? वाळवलंबी न्हाय?" त्यानं गाठींतून केसासारखे हिरवे तीन तंतू ओढून काढले. "हे शेवाळ हितं धरलं तर ठिबक तुंबंल की! दोन एकर डाळिंब काय तोंडानं पाणी घालून जगवू? लई शिकलेलं माणूस तुमी!" तीन तंतू सापडले होते. पाण्यात किती सुटले, ते मोजायला काही मार्गच नव्हता. पुढं आठ रविवार मी तिथं गेलो आणि चारही कोपऱ्यांत हात घालून पाहिलं. प्रत्येक सावली हिरवी वाटायची. शेवाळ आलं नाही. आता मी जाळं गरम पाण्यात बुडवून उन्हात कडक वाळवतो. तरीही मेव्हण्याचा फोन आला की मी आधी तळ्याच्या पाण्याचंच विचारतो.