प्रार्थनेत लागलेली ड्युटी

आमच्या चर्चमध्ये ठराव होत नाहीत, प्रार्थना होतात. कमिटी आहे, तिच्या सभाही होतात, चहा-बिस्किटंही होतात. पण कोणतं काम कोणाच्या गळ्यात पडणार हे ठरतं रविवारी, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना. महिला मंडळाच्या मोठ्या बाई उभ्या राहतात, पदर डोक्यावर घेतात आणि देवाचे आभार मानायला लागतात. एरवी त्या इकडच्या पक्क्या झाडीबोलीत बोलतात, पण देवाशी बोलताना एकदम पुस्तकी होतात. "हे दयाळू पित्या, आमच्या या बंधूने तुझ्या प्रभुमंदिराचे सर्व पंखे दुरुस्त करून देण्याचे मनावर घेतले, याबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो." ते बंधू म्हणजे आमच्यातले एक इलेक्ट्रिशियन. आपण असं काही मनावर घेतलंय हे त्यांना त्याच वेळी कळत होतं. ते डोळे उघडून वर बघेपर्यंत मंडळी आमेन म्हणून मोकळी झाली. आता नाही म्हणायचं तर बाईंना नव्हे, देवालाच नाही म्हणावं लागणार. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात भर दुपारी शिडीवर चढून त्यांनी पंखे दुरुस्त केले.

मला या प्रकाराचं फार हसू यायचं. बाई दर रविवारी कोणाला पकडतात यावर मी मनातल्या मनात पैजा लावायची. माझी पाळी आली तेव्हा हसू आपोआप बंद झालं.

माझ्या वाट्याला आली गुरुवारची खिचडी. सरकारी दवाखान्यात गडचिरोलीकडून, पार आतल्या गावांमधून पेशंट येतात. पेशंटला वॉर्डात जेवण मिळतं. सोबत आलेली माणसं मात्र बाहेर झाडाखाली चादर टाकून बसलेली असतात, त्यांचं त्यांनी बघायचं. त्यांच्यासाठी आमचं चर्च दर गुरुवारी खिचडी करून नेतं. माझ्याआधी हे काम एक नर्सबाई बघायच्या. त्यांची बदली झाली आणि खिचडी बंदच पडली. मग एका रविवारी बाईंनी माझ्याबद्दल देवाचे उपकार मानले.

काम कठीण नव्हतं, चिकट होतं. बुधवारी डाळ-तांदूळ निवडायचे, गुरुवारी सकाळपासून चर्चच्या मागच्या शेडमध्ये भट्टीवर मोठा गंज, म्हणजे पातेलं, चढवायचा, ऑटोवाल्याशी भांडून तो सांडू न देता न्यायचा, वाढायचं, आणि परत येऊन घासायचा. मदतीला सुरुवातीला पुष्कळ हात होते. मग कोणाचे गुडघे दुखायला लागले, कोणाच्या मुलाचे क्लासेस निघाले. वाढायच्या वेळी तासभर येणारे शेवटपर्यंत टिकले, कारण वाढतानाचे फोटो चांगले येतात. भट्टीपाशी मी एकटी. मी पहिल्यापासून तिरसट, त्यात धुरात उभं राहिल्यावर तर कोणी जवळ येऊच नये. तरीही दर गुरुवारी मी तिथेच असायची.

पोटासाठी मी शिवणकाम करते. जटपुरा गेटच्या आत एका खोलीत मशीन आहे, आई गेल्यापासून त्याच खोलीत मी एकटी राहते. दिवसभर ब्लाउज, फॉल, पिको. वाळत घातलेल्या कपड्यांवर कोळशाची काळी धूळ बसते म्हणून गिऱ्हाइकाचं कापड झाकून ठेवायचं, आणि जी बाई घाई करते तिला उद्या या म्हणून सांगायचं. मला खरं तर शिकवायचं होतं. पोरींना समोर बसवून कटिंग शिकवायचं, बाही का चढते, गळा का फाकतो ते फळ्यावर काढून दाखवायचं. हे कोणाला बोलून दाखवलं नव्हतं, कारण बोलले असते तर बाईंनी लगेच चर्चमध्ये फुकटचा शिवणवर्ग उघडला असता.

आणि मागच्या वर्षी नागपूरहून फोन आला. तिथे एक बाई शिवणकामाचं केंद्र चालवतात. माझं काम त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या अंगावर पाहिलं होतं. शिकवायला याल का, म्हणाल्या. वरच्या मजल्यावर राहायला खोली, पगार बरा, नवीन वर्षापासून सुरुवात. मी हो म्हणून फोन ठेवला आणि खोलीतल्या खोलीत उगीच फेऱ्या मारल्या. मला इतका आनंद झाला होता की मशीनवर बसवेना.

हे मी फक्त एका माणसाला सांगितलं, आमच्या किराणावाल्या चाचांना. खिचडीची डाळ ते ठोक भावापेक्षाही कमीत देतात आणि वर म्हणतात की तुमच्या चर्चने माझं दिवाळं काढलं. "जा बेटा, जा," ते म्हणाले. "पण तुमच्या बाईले आधी सांगून दे. नाई तं फसशीन."

सांगणारच होते. सणाच्या दिवशी सांगू, चर्चमधली भक्ती संपल्यावर, असं ठरवलं.

धान कापून घरात आलं की आमच्याकडे हंगामाचा सण होतो. पोंभुर्ण्याकडच्या खेड्यांतली मंडळी टेम्पोतून येते. तांदळाची पोती, कोहळी, कोंबड्या, लाखोळीची डाळ, मोहफुलांची टोपली, सगळं वेदीपुढे मांडतात. भक्तीनंतर त्याचा लिलाव होतो, आणि खिचडीचा वर्षभराचा खर्च त्यातूनच निघतो. आमच्या लिलावाची रीत अशी की घेतलेली वस्तू घरी न्यायची नाही. बोली जिंकायची, पैसे द्यायचे आणि कोहळं परत ठेवायचं, म्हणजे पुन्हा त्याचीच बोली लागते. चाचा दर वर्षी खास येतात, एकाच कोंबडीवर दोन-दोनदा बोली लावतात आणि शेवटी ती कोंबडी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना बक्षीस देऊन हसत निघून जातात.

त्या दिवशी मी गुलबक्षी रंगाची साडी नेसले होते. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: बाई, मला नागपूरला काम मिळालंय, मी जाते. एवढंच. उपकारस्तुतीची प्रार्थना करायला बाई उठल्या. पावसाचे उपकार झाले, धानाचे झाले, खेड्यांतल्या मंडळीचे झाले. मग त्या म्हणाल्या, "आणि प्रभू, आमच्या या भगिनीबद्दल तुझे विशेष उपकार. तिने संसाराचा मोह धरला नाही. दुसऱ्या गावाचा मोह धरला नाही. येत्या वर्षीही ती तुझ्या दुःखी लेकरांना अन्न देण्यासाठी येथेच राहणार आहे."

बाईंना नागपूरचं कळलं होतं की सहज बोलल्या, मला आजही माहीत नाही. पण खरी गंमत पुढेच आहे. सगळी मंडळी आमेन म्हणाली, आणि त्यात मीही म्हणाले. चांगलं मोठ्याने. लहानपणापासून तोंडाला लागलेली सवय. प्रार्थना थांबली की ते बाहेर पडतंच, कशाला आमेन म्हणतोय हे कोण बघतं? डोळे उघडले तर पोंभुर्ण्याची एक म्हातारी माझा हात हातात घेऊन डोळे पुसत होती. लिलावात कोहळ्याला कधी नव्हे एवढी बोली लागली. चाचा लांबून माझ्याकडे बघत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

त्या रात्री राग बाईंचा होता, मंडळीचा होता, पण सगळ्यात जास्त माझ्या तोंडाचा होता.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांकडे गेले. सगळं सांगितलं. भला माणूस आहे, शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "प्रार्थना तर होऊन गेली ना. ती आता मागे कशी घ्यायची?" मी म्हटलं, मी ती केलीच नव्हती. ते म्हणाले, "पण आमेन तुम्ही म्हटलं. मीच ऐकलं." थोडा विचार करून त्यांनी हात जोडले, "असं करू, आपण आत्ता यावर प्रार्थनाच करू." मी इतकी घाबरले की चहा अर्धा टाकून उठले. आणखी एक प्रार्थना झाली असती तर मी जन्मभर चंद्रपुरातून हलले नसते.

मग धीर करून बाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर पाय पसरून तांदूळ पाखडत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, नागपूरचं, खोलीचं, शिकवायचं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मले काऊन नाई सांगतलं आधी?"

"तुम्ही विचारलं कुठे, बाई?"

त्या ओरडतील असं वाटलं होतं, मी भांडायची तयारी करूनच आले होते. पण त्या म्हणाल्या, "मले वाटे, तुले आवडते ते काम."

"आवडतं."

"मंग?"

"तरी मला जायचं आहे."

त्यांनी सुपातले दोन खडे वेचून बाहेर टाकले. "जा मंग. मी कोन तुले अडवनारी? मले आता त्या भट्टीपाशी उभं राह्यनं होत नाई, दुसरं कोनी येत नाई, हे तुले माहीत हाये. बंद तं बंद. पन दवाखान्यातल्या लोकाईले तू स्वतः सांग, का आता खिचडी येनार नाई. ते मले सांगता येत नाई."

मी सुटले. खरंच सुटले असं वाटलं. घरी येताना रस्त्यात जिलेबी घेतली आणि चालता चालताच खाल्ली.

गुरुवारी नेहमीसारखा गंज चढवला. शेवटचा म्हणून तूपही सढळ टाकलं. दवाखान्याच्या आवारात रांग लागली. मी ठरवलं होतं, वाढून झालं की मोठ्याने एकदाच सगळ्यांना सांगायचं. पण वाढून होण्याआधीच एक बाई ताट घेऊन समोर आली. एटापल्लीकडची, मोडकंतोडकं मराठी बोलणारी, तिच्या मुलाच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. तिला मी काही आठवडे बघत होते. ती कधी काही बोलायची नाही, ताट पुढे करायची आणि घेऊन जायची. त्या दिवशी थांबली. डॉक्टरांनी अजून ठेवून घेतलंय, म्हणाली. मग विचारलं, "पुढच्या गुरुवारी येशीन ना, ताई?"

कोणाचे डोळे मिटलेले नव्हते. बाई घरी होत्या, पाळकसाहेब घरी होते. मला कोणी पकडलं नव्हतं. वाक्य तोंडात तयार होतं.

"येईन ना," मी म्हटलं. "न यायला काय झालं?"

ती गेली. मागच्या माणसाने ताट पुढे केलं. मी वाढत राहिले, रागाने डाव गंजावर आपटत. तिच्यावर राग काढावा तर तिने काय केलं होतं? साधं विचारलं होतं, आणि खिचडी आणशील का, हे मला पहिल्यांदाच कोणी विचारलं होतं. नाही म्हणायची पूर्ण मोकळीक असताना मी हो म्हणाले. आजवर बाईंवर, आमेनवर, मंडळीवर बोट ठेवता येत होतं. आता बोट ठेवायला कोणी उरलं नव्हतं. परतीच्या ऑटोत रिकामा गंज मांडीला टेकवून मी बसले होते.

नागपूरला फोन करायचं मी दोन दिवस टाळलं. शेवटी त्यांचाच आला. जमणार नाही, असं मी सांगितलं. त्या नाराज झाल्या. इतकी छान तयारी होती तुमची, मग अडलं कुठे, म्हणाल्या. मी कारण शोधायला लागले. गिऱ्हाइकांचं सांगावं, तब्येतीचं सांगावं, काहीच पटेना. मग तोंडातून निघालं, "घरचे सोडत नाहीत."

"अच्छा," त्या म्हणाल्या. आवाज एकदम मऊ झाला. "कोण कोण असतं घरी?"

मी खोलीत मशीनपाशी उभी होते. मला रडू यायला लागलं, आणि ते संतापाचं होतं की आणखी कशाचं, ते मला सांगता येत नाही.

"पुष्कळ माणसं आहेत," मी म्हटलं.