दिवेवाल्याने सांगितलं

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. माझं माहेर बनारसचं, संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत; सासरही याच गावात. मणिकर्णिका इतकी जवळ की लहानपणी अभ्यासाला बसले की खिडकीखालून 'राम नाम सत्य है' जायचं आणि मी पाढे म्हणत राहायची. एवढे मुडदे बघून मोठी झालेय, एकही भूत दिसलं नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचायचे तेव्हासुद्धा मनात म्हणायचे, काय खामखा लोकांना घाबरवतात यार! आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. हसायचं असेल तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

विनूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. रेल्वेत क्लार्क होता, लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर राजा घाटाजवळ एका खोलीत एकटा राहायचा. मी शाळेत असताना त्याने मला एक परदेशी जादूचा सिनेमा दाखवला, हिंदीत डब केलेला. त्या सिनेमाचे पुढे बरेच भाग आले. नाव लिहीत नाही, नाहीतर खाली कमेंटमध्ये त्याच्यावरच भांडणं सुरू होतील. एका मोठ्या नदीकाठचं राज्य, नदीची राणी, ढोल वाजवणारा एक राक्षस आणि संध्याकाळी घाटावर दिवे लावत फिरणारा एक म्हातारा... त्याला आम्ही दिवेवाला म्हणायचो. बनारसच्या पोरीला हे सगळं परकं वाटेलच कसं? प्रत्येक भाग मी आणि मामाने मिळून बघितला. माझं लग्न झाल्यावरसुद्धा. नवऱ्याला बाजूच्या खुर्चीवर बसवून आम्ही दोघं डायलॉग म्हणायचो.

मग त्यातले नट एकेक करून जायला लागले. वयं झाली होती त्यांची. पहिली गेली ती नदीची राणी. सकाळी सकाळी मामाचा फोन, "चिमे, आपला माणूस गेला गं. अंघोळ कर." मला वाटलं शेजारचं कुणी. "अगं, आपली राणी!" म्हणाला आणि चक्क रडायला लागला.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. सिनेमातलं कुणी गेलं की मामाचा फोन, तेच वाक्य. मग डोक्यावरून अंघोळ, त्या दिवशी बिनसाखरेचा चहा, आणि संध्याकाळी त्या नटाचा सगळ्यात चांगला भाग लावायचा. मामा राजा घाटाच्या पायऱ्या उतरून तीळ-पाण्याची एक ओंजळही सोडायचा. माझे वडील, अण्णा, वेदपाठशाळेत शिकवायचे. त्यांना हे बिलकुल खपायचं नाही. "ना गोत्र, ना नातं. नटांना कसलं तर्पण देतोस रे विनू?" मामा म्हणायचा, "भाऊजी, ज्यांना आपलं म्हणणारं कुणी नाही त्यांच्यासाठीही एक ओंजळ असते, हे तुम्हीच शिकवलंत की!"

ढोलवाला गेला, मग दिवेवाला गेला. दिवेवाल्याच्या वेळी मामाला फार लागलं. घाटावरून वर येताना धाप लागली म्हणून तो पायरीवर बसला आणि मला म्हणाला, "माझ्या वेळी फोन करायला मी नसणार. तू लक्ष ठेव. आणि मला घाटावर पोचवायला तू यायचंस हं चिमे. बायका येत नाहीत वगैरे भाऊजी सांगतील, तू ऐकू नकोस." मी म्हटलं, "येईन. पण आत्ता उठ, थंडी वाजतेय." मी शब्द दिला होता. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या धाकट्या बहिणीचं, नीलूचं लग्न ठरलं. मुलगा इंदूरचा. पाहुणे दोन दिवस आधीच येऊन उतरले होते. मामाला थंडीत दम्याचा त्रास असतोच. अण्णा म्हणाले, "त्याला खोकला आहे, इथे धूर आणि गर्दी. लग्नाला येईल, तोवर पडू दे." मला एकदा जाऊन यायचं होतं. पण लग्नघर म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. हिचा ब्लाऊज, त्याचा रुसवा, आचाऱ्याची कटकट. उद्या जाऊ, उद्या जाऊ असं करत राहिले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी कार्यालयात नीलूला हळद लावायची होती. बायकांच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता, पोरांनी लावून ठेवलेला. बघते तर आमचाच सिनेमा! पाचवा भाग. मला इतका आनंद झाला, म्हटलं मामाला फोटो पाठवू. हातात हळदीची वाटी होती म्हणून राहिलं. दिवेवाला घाटावर उभा राहून गेलेल्या लोकांच्या नावाने एकेक दिवा लावतो, तो सीन चालू होता. मला तो पाठ आहे. शेवटचा दिवा लावून तो कॅमेऱ्याकडे बघतो आणि हिंदीत म्हणतो, "अब घर जाओ, अँधेरा नहीं होगा."

त्याने कॅमेऱ्याकडे बघितलं... आणि मराठीत म्हणाला, "चिमे, आपला माणूस गेला गं. अंघोळ कर."

आवाज मामाचा नव्हता. तोच डबिंगचा, जाडा, खर्जातला. पण शब्द मामाचे, आणि "गं" वर मामा जसा किंचित थांबतो तसाच थांबून. पुढच्या क्षणी जाहिरात लागली. पोरं रिमोटवरून भांडायला लागली. कुणाच्या चेहऱ्यावर काही नाही. आईसुद्धा समोर सुपाऱ्या मोजत बसली होती.

मी घाबरले का? खरं सांगू, नाही. मला वाटलं आपण दमलोय, आपल्या डोक्यातलंच आपल्याला ऐकू आलं. पण सवय इतकी होती की पाय आपोआप बाथरूमकडे वळले. एवढ्या थंडीत, हळदीच्या मधोमध, मी डोक्यावरून पाणी घेतलं. बाहेर आले तर काकू ओरडली, "अगं बाई, आत्ता केस धुवायचं काय सुचलं तुला?" मी फोनवर शोधलं. सिनेमातलं कुणी गेल्याची बातमी नव्हती. मामाला फोन लावला. बंद.

तेवढ्यात जिन्यावरून अण्णा वर आले. त्यांचेही केस ओले होते.

जिन्यात आम्ही दोघं समोरासमोर उभे. मी विचारलं, "अण्णा, मामाचा फोन का लागत नाही?"

"झोपलाय. औषध दिलंय. त्याला त्रास देऊ नकोस." माझ्या डोळ्यांत बघून बोलले. जरासुद्धा अडखळले नाहीत. मग म्हणाले, "तू का केस धुतलेस?"

"असंच. तुम्ही का?"

"संध्येची वेळ झाली," म्हणाले आणि निघून गेले. दुपारचा चहासुद्धा झाला नव्हता तेव्हा. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण स्वतःच्या बापावर शंका कशी घ्यायची हो? मी हळदीला परत गेले. दुसऱ्या दिवशी करवली म्हणून नटूनथटून नीलूच्या मागे उभी राहिले, फोटोत दात काढले, जिलेबी वाढली. मामा काही आला नाही. "ताप वाढलाय," अण्णा म्हणाले. मी त्याच्यासाठी डबा भरून ठेवला. बिनसाखरेच्या चहाची आठवण काढून हसलेसुद्धा.

नीलूची पाठवणी झाली. पाहुणे गेल्यावर अण्णांनी मला आणि आईला घरी समोर बसवलं आणि सांगितलं की विनू गेला. हळदीच्या दिवशी सकाळी, हॉस्पिटलमध्ये. पाठशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन दुपारच्या आत सगळं उरकलं. मणिकर्णिकेवर. माझ्या माहेरच्या खिडकीखालून त्याला नेलं आणि मी कार्यालयात हळद कालवत होते! पिवळी फुलं आणायला म्हणून गेलेला माझा नवरा खांदा द्यायला गेला होता. त्याला माहीत होतं. रात्री माझ्या शेजारी जेवला तो, मला म्हणाला भाजी छान झालीय.

आई भिंतीला टेकून बसली आणि "विनू, विनू" करत राहिली. मी अण्णांना विचारलं, "का?"

त्यांनी समजावलं. शांतपणे, विद्यार्थ्याला समजावतात तसं. एकदा देवक बसलं की सुतक लग्नाच्या आड येत नाही, पण आपलं देवक लग्नाच्या दिवशी सकाळी बसायचं होतं आणि विनू आदल्या दिवशीच गेला. मामाचं सुतक भाच्यांना लागतं. मुहूर्त गेला असता, इंदूरची माणसं खोळंबली असती. "पण सुतक कानावर आल्याशिवाय लागत नाही. तुमच्या कुणाच्या कानावर आलं नाही. म्हणून कुणालाच दोष नाही. सगळं शास्त्राला धरून झालंय." वर म्हणाले, "विनूनेच सांगितलं होतं, माझ्यामुळे पोरीचं लग्न थांबवू नका."

"लग्न थांबवू नका म्हणाला असेल," मी म्हटलं. "चिमीला सांगू नका म्हणाला?"

अण्णांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

"मी कुणाला सांगितलं नसतं. शालीत तोंड झाकून, लांबून चालत आले असते. मी शब्द दिला होता त्याला. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत, अण्णा!" माझा आवाज गल्लीत ऐकू गेला असणार, जाऊ दे. "आणि तुमचं शास्त्र चुकलंय. माझ्या कानावर आलं होतं."

त्यांचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना घाबरलेलं बघितलं. "कोणी सांगितलं?" त्यांनी आधी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, "आईशप्पथ, मी नाही." मग मी सांगितलं. टीव्ही, दिवेवाला, ते वाक्य, अंघोळ. सगळं.

मला वाटलं होतं, निदान ते तरी मानतील. जन्मभर पितर घास घ्यायला येतात, पाणी पोचतं म्हणून शिकवत आलेला माणूस. तर म्हणाले, "असं काही नसतं. भास झाला तुला." आणि पाण्याचा घोट घेऊन, खाली बघत, "हे कुठे बोलू नकोस. तू करवली होतीस. नीलूच्या सासरी कळलं की सुतकात लग्न लागलं, तर पोरीला ऐकून घ्यावं लागेल." म्हणजे आधी माझ्यापासून लपवलं आणि आता मीही लपवायचं. वा रे वा!

तो पाचवा भाग मी त्यानंतर कितीदा तरी लावला. हिंदीत, इंग्रजीत, सबटायटल्स लावून. तिथे "अब घर जाओ" एवढंच आहे. भासच असेल असं मीही धरून चालले होते. मग महिन्याभराने नीलूचा फोन आला, लग्नाचे व्हिडिओ बघत होती. सहज म्हणाली, "ताई, माझ्या हळदीला तू टीव्हीकडे बघून 'हो मामा' म्हणालीस ना? मला इतकं हसू आलं होतं. मला वाटलं मामा आला की काय." मी असं काही म्हटल्याचं मला आठवत नाही. बिलकुल नाही. मामा खरा कधी गेला ते नीलूला अजूनही माहीत नाही. घरच्यांनी तिला 'लग्नानंतर गेला' असंच सांगितलं होतं, आणि मी ते खोडलं नाही. तेवढं मात्र अण्णांचं ऐकलं, तिच्यासाठी. म्हणून इथे सगळी नावं बदलून लिहिते आहे.

परवा त्या सिनेमातला दुष्ट प्रधान गेला. फोन कुणाचा येणार? पेपरात वाचलं. अंघोळ केली, बिनसाखरेचा चहा घेतला, राजा घाटावर जाऊन एक ओंजळ प्रधानाला सोडली आणि एक मामाला. वर बघितलं तर अण्णा काठी टेकत पायऱ्या उतरत होते. गुडघे दुखतात त्यांचे. "मी पण सोडू का गं पाणी?" म्हणाले. मी तिळाची पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि वर निघून आले. त्यांच्या शेजारी मला उभं राहवलं नाही. राग गेलेला नाही, जाईल असं वाटतही नाही.

कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर खाली लिहा. नवरा म्हणतो, अण्णांचे ओले केस आणि बंद फोन यावरून माझ्या मनाने ओळखलं असेल. पण ते दोन्ही मला दिवेवाला बोलल्यानंतर दिसलं, आधी नाही. तिथे सगळं अडतं. मला एवढंच माहीत आहे की मामा गेल्याचं माझ्या बापाला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, पाठशाळेतल्या पोरांना माहीत होतं. सांगितलं कुणी, तर सातासमुद्रापार मेलेल्या एका म्हाताऱ्या नटाने, ज्याच्यासाठी मामाने कधीतरी ओंजळभर पाणी सोडलं होतं.