खालच्या माणसाचं नाणं

जुनी नाणी जमवणाऱ्याकडे नाणी थोडी आणि किस्से फार साठतात. नाणं नको झालं तर कुणीतरी घेतं. किस्सा कुणी घेत नाही, तो आपल्याकडेच राहतो! माझ्याकडे आता एवढे झालेत की बोलायला माणूस नसला की मी ते मनातल्या मनात स्वतःलाच सांगतो, आणि हसतोही. म्हटलं, एकदा लिहून काढावेत.

मी निपाणीत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात कामाला आहे. नववीतून शाळा सोडली. भाड्याच्या खोलीत एकटा राहतो. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी बसने बेळगावला जातो. अनगोळात मास्तरांच्या घरी माडीवर आमचा नाणेवाल्यांचा गट जमतो. मास्तर म्हणजे भूगोल शिकवून रिटायर झालेले गृहस्थ. अर्धं मराठी बोलतात, अर्धं कन्नड. मी गटात आलो तेव्हा अकरा जण होते. मी अकरावा.

*

पहिल्या दिवशी मी मास्तरांचा जिना तीनदा चढलो आणि तीनदा उतरलो. चौथ्या वेळी मास्तरच वरून ओरडले, "बारप्पा, बा! ये वर, जिना झिजंल की!"

आत गेलो. मधोमध अण्णा बसले होते. अण्णा निपाणीचे जुने तंबाखूचे दलाल, खांद्यावर कायम टॉवेल, गटातले सगळ्यांत मोठे. त्यांच्याकडे चार ट्रे भरून नाणी. मी खिशातून आजोबांचा चांदीचा रुपया काढला. आदल्या दिवशी चिंच लावून तासभर घासला होता. आरशासारखा चमकत होता.

खोलीत एकदम शांतता झाली. मला वाटलं, सगळे थक्क झाले.

अण्णांनी रुपया हातात घेतला, डोळे मिटले. मग म्हणाले, "शंभर वर्साचा रंग चढलेला असतोय रं त्येच्यावर. त्यो रंगच तर बघायचा असतोय. तू धुऊन टाकलास!"

मी रुपया परत घेऊन खिशात टाकला.

"असू दे. हितनं म्होरं येताना आंघोळ तू करून ये. नाण्याला घालू नगंस!"

*

आता गटाचा नियम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आपल्याकडे एखादं झिजलेलं नाणं असतं. तेच नाणं जास्त चांगल्या अवस्थेत मिळालं की ते घ्यायचं आणि जुनं काढायचं. ह्याला आम्ही अपग्रेड म्हणतो. काढलेलं जुनं नाणं बाजारात विकायचं नाही. गटात आपल्या खाली, म्हणजे आपल्यापेक्षा कमी नाणी असलेला, जो असेल त्याला द्यायचं. भाव दोघांनी ठरवायचा. आणि जुनं खाली गेल्याशिवाय नवं ट्रेमध्ये लावायचं नाही. कितीही जीव तळमळला तरी!

ह्याच नियमाने माझ्याकडे रोमन नाणं आलं. चांदीचं, जुन्या चार आण्याएवढं, दोन हजार वर्षांपूर्वीचं. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला खुर्चीत बसलेली बाई. राजाचं नाव अवघड आहे, म्हणून गटात त्याला नुसतं 'राजा' म्हणतात. माझ्या राजाचं नाक पूर्ण झिजलेलं आणि मानेवर छिन्नीचा घाव. कुणीतरी कधीतरी आत खरंच चांदी आहे का ते बघितलं असणार.

ते मला गटातल्या कांबळे मॅडमनी दिलं. मॅडम विम्याच्या ऑफिसात अधिकारी आहेत. त्यांना चांगला राजा मिळाला, म्हणून हा माझ्याकडे उतरला. देताना त्यांनी तो पालथा माझ्या तळहातावर ठेवला.

"मी राजाकडे बघतच नाही, सदा. ही बाई बघ. दोन हजार वर्षं खुर्चीत बसली आहे, कुणी ऊठ म्हणालं नाही. माझ्या आईनं निपाणीत चाळीस वर्षं बिड्या वळल्या. सगळं आयुष्य जमिनीवर बसून."

मी म्हणालो, "मॅडम, ऑफिसात तुमची खुर्ची कशी आहे?"

"फिरती आहे," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या दिवशी आईला बसवून गरगर फिरवली!"

*

बसमध्ये मी नाणं वरच्या खिशात ठेवतो. एकदा संकेश्वरच्या पुढे शेजारच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या आप्पांना राहवेना.

"सारखा खिसा काय चाचपतोस रं? छातीत दुखतंय?"

मी नाणं काढून दाखवलं. दोन हजार वर्षं जुनं आहे म्हणून सांगितलं. आप्पांनी उलटंपालटं करून बघितलं.

"चालतंय का?"

"नाही आप्पा."

"न्हाय चालत? मग कशाला जपतोस?"

मी विचार केला. हत्तरगीचा टोलनाका आला तरी उत्तर सापडेना. आप्पांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"जाऊ दे. आमच्या घरात मीबी चालत न्हाय आता. जप तू!"

*

मामांनी एकदा मला मुलगी बघायला नेलं. पोहे आले. मी गप्प. मामाच सगळं बोलत होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पोराला नाद-बिद काय?"

मामा म्हणाले, "नाणी साठवतो."

"म्हंजे बचत हाय म्हणायची!" वडील खूश झाले. "दाखीव की."

मी राजा काढून दिला. वडिलांनी तळहातावर तोलला. "ह्यात एक पैंजणबी व्हायचं न्हाय." काकांनी बघितला, आत्यांनी बघितला आणि पोह्यांच्या ताटलीशेजारी ठेवला. शेवटी मुलीने उचलला. उठून खिडकीपाशी गेली, उजेडात तिरपा धरला, आणि मला विचारलं, "ह्याचं नाक कुठं गेलं?"

मला खूप सांगायचं होतं. किती माणसांच्या हातांतून, किती कनवटींतून तो फिरला असेल ते. मी म्हणालो, "झिजलं."

चार दिवसांनी निरोप आला, मुलगा बोलत नाही म्हणून नको. बरोबर आहे. त्या घरात मी एकच शब्द बोललो होतो. पण नाण्याकडे नीट बघितलं ते तिनंच. तिरपं धरायचं तिला कुणी शिकवलं, हे मला अजून विचारावंसं वाटतं!

*

अकरातले एकेक करून कमी होत गेले. कुणी पुण्याला गेलं, कुणी मोबाईलवरच नाणी बघू लागलं, दोघं तर देवाघरी गेले. चार उरलो. मास्तर, मॅडम, अण्णा आणि मी. नवीन कुणी आलंच नाही. आठ वर्षं झाली, अजून गटात सगळ्यांत खाली मीच!

एका रविवारी मास्तर मुलीकडे हुबळीला, मॅडम ट्रेनिंगला आणि अण्णा तापाने पडलेले. मला कुणी कळवलं नव्हतं. म्हणजे ग्रुपवर कळवलं होतं, पण माझा रिचार्ज संपला होता. किल्ली खालच्या चहावाल्याकडे असते. वर गेलो, चटई घातली, नाणं मधे ठेवलं आणि बसलो.

चहावाला सवयीने चार कप घेऊन आला. "बाकीची कुठायत?"

"येतील," मी म्हणालो.

चारही कप मीच प्यालो. हजेरीच्या वहीत लिहिलं, 'उपस्थिती एक. नाणी एक. वादविवाद झाला नाही.'

पुढच्या महिन्यात मास्तरांनी ते वाचलं. मग लाल पेनने खाली लिहिलं, 'कोरम पूर्ण.' आणि सही केली!

*

गेल्या उन्हाळ्यात उसाला पाणी पाजायच्या मोटारी धडाधड जळल्या. आम्ही दिवसभर तांब्याची तार गुंडाळत होतो. ओव्हरटाइम मिळाला. तेवढ्यात कोल्हापूरच्या नाण्यांच्या प्रदर्शनात मला राजा दिसला. तोच राजा, तीच बाई, पण नाक सरळ, धारदार! कानामागची केसांची बटसुद्धा मोजता येत होती. घाव नाही. मी टेबलापुढे इतका वेळ उभा होतो की विक्रेत्याने मला खुर्ची दिली. घेतला.

आणि घेतल्यावर डोक्यात प्रकाश पडला. जुना कुणाला देणार? माझ्या खाली कोण आहे?

नियम म्हणजे नियम. नाकवाला राजा कागदाच्या पुडीत, बिननाकाचा डबीत. असे महिने गेले. मी माणूस शोधू लागलो. दुकानाच्या मालकाला विचारलं, "गटात येता का? रोमन नाणं देतो."

मालक म्हणाले, "दे की. पण रोज बघायला लागंल का?"

घरमालकिणीला विचारलं. त्या म्हणाल्या, "तुज्या खोलीतला नळ गळतोय, त्ये आधी बघ."

मास्तरांना माझी दया आली. एका रविवारी ते म्हणाले, "रूलच काढून टाकू. चौघंच आहोत, रूल कुणासाठी? लाव तू नवं नाणं."

मॅडमनीही मान हलवली. गटात मी कधी विरोधात बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. "नको."

"का रे?"

"नियम काढला की माझ्या खाली कुणी येणारच नाही असं ठरलं, मास्तर. मग शेवटी ही खोली मी एकट्यानंच उघडायची."

नवं नाणं पुडीतच राहिलं.

*

आता परवाच्या रविवारचं सांगतो आणि थांबतो.

अण्णा दोन महिने आले नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. परवा काळा चष्मा लावून आले, रिकाम्या हातांनी. दर वेळी एखादा ट्रे काखेत असायचा. आणि मधोमध न बसता माझ्या पलीकडे, दाराशी, चपलांजवळ बसले.

मास्तर म्हणाले, "अण्णा, तिथं का? वर या."

"हितंच बरं हाय."

"ट्रे कुठाय?"

अण्णांनी चष्मा काढून टॉवेलाने पुसला. "मी दवाखान्यात व्हतो, तवर पोरांनी घराच्या वाटण्या केल्या. नाणी कशी वाटायची त्येंला कळंना. इकून टाकली समदी. एका दिसात." मग म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगा. त्येंनी मला इचारलं आस्तं, तर मी न्हाय म्हणलो आस्तो, म्हणून इचारलं न्हाय."

मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

अण्णा माझ्याकडे वळले. "सद्या, ज्येच्याकडं एकबी नाणं न्हाय, त्यो गटात कुठं बसतोय रं?"

मी म्हणालो, "सगळ्यांच्या खाली, अण्णा."

"मग तुज्या खाली कोण?"

मी डबी उघडली. बिननाकाचा राजा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो बघितला नाही. अंगठ्याने राजाच्या मानेवरचा घाव शोधला, मग पालथा करून बाईवरून बोट फिरवलं.

"भाव ठरवाय पायजे," अण्णा म्हणाले. "फुकट घ्यायला मी भिकारी न्हाय."

तंबाखूच्या पेठेत जुने लोक भाव तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. आत त्यांनी माझी दोन बोटं दाबली. मी एक दाबलं. त्यांनी मान जोरात हलवली आणि तीन दाबली. उलटा सौदा, गिऱ्हाईकच भाव वाढवत होतं! मग त्यांनी माझा अख्खा पंजाच धरला. ह्याचा आकडा किती, ते मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

चहा गार झाला. मास्तरांनी दोनदा घड्याळ बघितलं. शेवटी मॅडमना राहवेना. "अण्णा, किती ठरलं?"

टॉवेल तसाच. हात तसाच.

"मधी बोलू नगा, मॅडम," अण्णा म्हणाले. "सौदा चालू हाय अजून!"